बाबांच्या हातातलं पाणी

पेरुंगुडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तळवा टेबलावर सपाट टेकवा." टेकेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. तळव्याखालून त्यांचं पेन सहज आरपार गेलं.

"घरात आणखी कुणाला होतं?"

"बाबांना," मी म्हणाले, आणि मान वर करवेना.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. कार्यालयभर मोगऱ्याचा आणि फिल्टर कॉफीचा वास. बाबा मागच्या पायरीवर बसून गरम पाण्याच्या घंगाळात बोटं शेकत होते. उद्या कन्यादानाला ती जरा तरी सरळ व्हावीत, म्हणून. मी जवळ जाऊन म्हणाले, "बाबा, कन्यादानाला काका-काकूंना बसू द्या ना. तुमच्या हातातून पाणी सांडेल."

पाण्याचं नुसतं निमित्त. तो हात सासरच्यांना दिसायला नको होता.

बाबांनी हात बाहेर काढला, पंच्याने एकेक बोट पुसलं. "बरं," म्हणाले. "त्याचा हात सरळ आहे." दुसऱ्या दिवशी ते उपरण्याखाली हात घेऊन मागच्या रांगेत बसले होते.

दवाखान्यातून परतताना मी कोपऱ्यावरच्या पेरुमाळच्या देवळात शिरले. पुजाऱ्याने पळीभर तीर्थ दिलं. शेजारच्या बाईच्या सरळ बोटांमधून ते मनगटापर्यंत ओघळलं. माझ्या वाकड्या बोटांच्या खळग्यात मात्र सगळंच्या सगळं राहिलं.

बाबांच्या हातातूनही एक थेंब सांडला नसता.