शपथ होईपर्यंत फोन नको

बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बाप होणाऱ्या माणसाने देश बदलण्याच्या भानगडीत पडू नये. मी दोन्ही एकदमच करायला निघालो होतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको सातव्या महिन्यात पुण्याला गेली आणि मागोमाग कोरोनाने विमानं बंद केली. मी इकडे ऑस्ट्रेलियात, वेस्टमीडच्या फ्लॅटमध्ये एकटा, वरणाला फोडणी देताना रोज स्मोक अलार्म वाजवणारा. आम्ही दोघं इथले पर्मनंट रेसिडेंट. मला सिटिझनशिप मंजूरही झाली होती, फक्त शपथ राहिली होती. पण तेवढ्यात समारंभच बंद पडले.

व्हिसाची कामं करणारा एजंट म्हणाला, "मेट, बाळ तिकडे जन्मलं तर त्या वेळी आईबापांपैकी एक तरी इथला सिटिझन हवा. नाहीतर त्याला व्हिसा काढावा लागेल. आणि सध्या व्हिसाचं विचारूच नकोस."

धावपळ करून मी व्हिडिओ कॉलवर शपथेची वेळ मिळवली. डॉक्टरांच्या तारखेला अजून तीन आठवडे होते. पुण्याला बजावलं, "शपथ होईपर्यंत कुणी फोन करायचा नाही. मध्येच लाइन तुटली तर?"

त्या सकाळी लग्नातला सूट घातला. बटण कसंबसं लावलं आणि पोट आत ओढून बसलो. स्क्रीनवरच्या बाई एकेक तुकडा सांगत होत्या, मी मागून म्हणत होतो. "काँग्रॅट्स!" त्या म्हणाल्या. मी श्वास सोडला. बटण कीबोर्डवर पडलं.

लगेच पुण्याला फोन लावला. सासूबाईंनी घेतला, कॅमेरा हॉस्पिटलच्या छताकडे.

"झालं का जावईबापू तुमचं? मग आता आमचं ऐका. मुलगी झाली!"

"काय? कधी?"

"आत्ता पहाटे. अचानकच कळा सुरू झाल्या हो. ही म्हणत होती कळवा, पण तुम्हीच बजावलेलं ना. म्हटलं, शुभकार्यात मध्येच फोन कशाला!"

मी इथल्या-तिथल्या वेळेचा हिशोब केला. माझ्या शपथेच्या तासभर आधी ती जन्मली होती.

बायकोने फोन घेतला. आवाज खोल गेलेला. "आधी झाली ना रे ती?"

"हो."

"मी येऊ शकते?"

"विमान मिळालं की तू येऊ शकतेस."

"आणि ही?"

मी कीबोर्डवरचं बटण उचलून खिशात टाकलं.

"मग मी कुठे येते हिला टाकून! तूच ये."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शपथ घेतली त्या क्षणी मी भारताचा नागरिक राहिलो नव्हतो. पुण्याला जायला आता मला व्हिसा लागणार होता, आणि परदेशी लोकांचे व्हिसा भारताने बंद ठेवले होते. चाचरत तसं सांगितलं.

"अगंबाई!" मागून सासूबाई म्हणाल्या, "जावयाला सासरी यायला परवानगी?"

बायकोने कॅमेरा खाली वळवला. दुपट्यात गुंडाळलेली, दोन्ही मुठी घट्ट आवळलेली, माझ्याच नाकाची.

"बघ," ती म्हणाली. "इथून दिसते तेवढी बघून घे."