गच्चीवरचा झोत

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी विमानतळाजवळच्या एका गच्चीचे प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. ते आठवले की अजून हायसे वाटते.

शहरात सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि विमानांची ये-जा वाढली होती. विमानतळाचा विस्तार करायचे ठरले, तेव्हा विश्रांतवाडीच्या बाजूच्या काही सोसायट्यांत घबराट पसरली. राहती घरे जाणार म्हणून लोकांनी समिती काढली. सह्या, निवेदने, मोर्चे, सगळे शिस्तीत चालले होते. समितीचे सेक्रेटरी एक निवृत्त गणित शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मोर्च्याच्या परवानगीसाठी ते पोलीस ठाण्यात येत आणि आमच्या पत्रातली शुद्धलेखनाची चूक लाल पेनने दुरुस्त करून देत.

जनसुनावणीला दोन दिवस राहिले असताना विमानतळाकडून लेखी तक्रार आली. उतरणाऱ्या विमानांतील वैमानिकांच्या डोळ्यांवर जमिनीवरून प्रखर झोत पडत होता. तीन वेळा घडले होते, तिन्ही वेळा दुपारी साडेअकराच्या सुमारास. अपघात झाला असता तर किती माणसे गेली असती, हे सांगायला नको.

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "झोत सेक्रेटरींच्या सोसायटीच्या गच्चीवरून येतो. बघा, काय करायचं ते," एवढे बोलून माणसाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी सेक्रेटरींना ठाण्यात बोलावले. वरिष्ठांचा आदेश स्पष्ट होता, संध्याकाळपर्यंत अटक. मी तक्रारीबद्दल सांगितले, पण वेळ मुद्दाम सांगितली नाही. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला.

"लिहून घ्या. मीच केलं," ते म्हणाले.

"कसं केलंत?"

"आरशानं."

"कधी?"

"रोज सकाळी सात वाजता. फिरून आल्यावर."

मी लिहायचा थांबलो. सातला तर एकही तक्रार नव्हती. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे आम्हाला पाठ असते. तरीही कबुली मिळाली की तपास आपोआप सैल पडतो. माझाही पडला असता. पण जबाबावर सही करताना गुरुजींनी विचारले, "साहेब, घरातल्या एकावर गुन्हा दाखल झाला, तर दुसऱ्याचा पासपोर्ट अडतो का?"

त्यांची मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनी तिला परदेशी पाठवणार होती आणि तिच्या पासपोर्टच्या चौकशीचे कागद आमच्याच ठाण्यात आले होते. समितीच्या एका सभेत ती चिडून म्हणाली होती, "विमान उतरवताना त्रास झाला, की यांना आमचं दुखणं कळेल." ते वाक्य विशेष शाखेच्या अहवालात मी वाचले होते. गुरुजींनी तर ते समोर बसून ऐकले होते.

मी त्यांना हवालदाराजवळ बसवले आणि एका शिपायाला घेऊन सोसायटी गाठली. अकरा वाजून गेले होते. गच्चीवर माणूस नव्हता. पाण्याच्या टाकीमागे मात्र एक सोलर कुकर उन्हात ठेवलेला होता. झाकणाला आतून आरसा होता. झाकण उभे धरणारी पट्टी मोडल्यामुळे ते सुतळीने दांडीला बांधले होते. वाऱ्याने झाकण डुलत होते आणि त्याबरोबर उजेडाचा पट्टा टाकीवरून आकाशाकडे फिरत होता.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. मी डोक्यावरची टोपी काढून आरशावर धरली. विमान आमच्या डोक्यावरून गेले आणि दिसेनासे होईपर्यंत मी हात काढला नाही. शिपाई माझ्याकडे बघत होता.

कुकर तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंचा होता. यवतमाळकडच्या. बोलावल्यावर त्या धावत वर आल्या.

"काय झालं जी? वरण-भात हाय त्यात. गॅसचा नंबर लागाचा हाय अजून, म्हणून ठेवतो इथं."

"पट्टी कधी मोडली?"

"झाले आठेक दिवस."

झोताची पहिली घटनाही तेव्हाचीच होती. मी पंचनामा केला, त्यांचा जबाब घेतला आणि कुकर खाली न्यायला सांगितला. वरण शिजले होते की नाही, ते विचारायचे राहून गेले.

ठाण्यात परतलो तर गुरुजींची मुलगी माझ्या टेबलासमोर उभी होती. "सर, बाबांना सोडा," ती म्हणाली. "आरसा घेऊन गच्चीवर मी जात होते. माझा जबाब घ्या."

मी दोघांना शेजारी बसवले आणि सोलर कुकरची हकीकत सांगितली.

"बाबा, तुम्हाला वाटलं मी केलं?"

"तुला तरी दुसरं काय वाटलं?"

मुलीने डोळे पुसले. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे एकाच गुन्ह्याचे दोन आरोपी, आणि गुन्हाच नाही. गणित बरं आहे तुमचं."

तिचे कागद मी आदल्या आठवड्यातच सही करून पुढे पाठवले होते. तसे मी गुरुजींना सांगितले. त्यांनी नुसते हात जोडले. निनावी फोन कुणी केला होता, ते शेवटपर्यंत कळले नाही. दखलपात्र गुन्हा घडला नसल्याचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला आणि "बरं झालं" एवढेच म्हणाले.

जनसुनावणीला मी बंदोबस्तावर होतो. गुरुजी वीस मिनिटे बोलले, एकदाही आवाज न चढवता. विस्ताराचा निर्णय आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हता. पण ते त्या दिवशी कोठडीत नसून व्यासपीठावर होते, याचे समाधान मला पुढे कित्येक दिवस पुरले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुणी चटकन गुन्हा कबूल केला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि विचारायचो, "घरी कोण कोण असतं?" उत्तर देताना ज्या नावापाशी माणूस अडखळायचा, तिथून मी तपास सुरू करायचो.