अढीतली बेस गिटार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी हसलं की माझी लिंक तुटते, आणि चहा गार होतो तो वेगळाच. आणि एक, आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. तिला कळेल म्हणून नव्हे हो! तिला सगळं आधीच कळलंय, दुखणं तेच आहे.

तर मी चष्मेवाला. दुकान रत्नागिरीच्या बाजारात, घर मांडवीला, समुद्राच्या अगदी नाकासमोर. तरुणपणी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे ती लांब मानेची, जाड चार तारांची. स्टेजवर गायकाला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात, आणि बेसवाल्याला कार्यक्रम संपल्यावर लोक विचारतात, ‘तुम्ही नक्की काय करत होतात?’ असलं ते वाद्य! पण जीव जडला तो जडला. ऑर्केस्ट्रा बंद पडला, गिटार राहिली. दुकान बंद करून घरी आलं की थोडा वेळ धुम् धुम् केल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यावर हिचा नियम एकच. ‘बेडरूममध्ये आणायचं नाही. पडवीत काय तो धुमाकूळ घाला.’

यंदा ही गेली मेलबर्नला, लेकीच्या, मुक्ताच्या बाळंतपणाला. तिला विमानात बसवून मी परत आलो आणि त्याच संध्याकाळी काय केलं असेल? गिटार उचलली, स्पीकर उचलला, थेट बेडरूममध्ये! स्पीकर लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला, पलंगावर मांडी ठोकली आणि सगळ्यात जाड तार छेडली.

धुम्... झिर्रर्रर्र.

हे काय? पुन्हा छेडली.

धुम्... झिर्रर्रर्र.

म्हणजे बघा! बायको घरात नाही तर गिटार कुरकुरायला लागली. इतकी वर्षं कधी नाही, ते ही गेल्या दिवसापासून.

आता दुसरा कुणी असता तर जाणकाराला दाखवलं असतं. पण मी चष्मेवाला ना! दिवसभर मुंगीएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. मला गिटारीतलं कळणार नाही तर कुणाला कळणार? मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि कामाला लागलो. तार खालच्या पट्टीला घासत असेल, म्हणून तारा वर उचलल्या. झिर्रर्र. मानेच्या पोटात एक सळई असते, ती आवळली. झिर्रर्र. मग वाटलं, वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडाच खराब झाला असणार. झालं! नारळाची करवंटी फोडली, दुकानातल्या काचा घासायच्या मशीनवर घासली, खाचा पाडल्या आणि बसवली. दिसायला झकास! समोर गिऱ्हाईक चष्म्यासाठी खोळंबलेलं आणि मी करवंटी घासतोय. त्याला वाटलं, नवीन फ्रेमची फॅशन आहे.

आणि आवाज? झिर्रर्र!

तुम्ही म्हणाल, एवढा काय आटापिटा? तर त्याचं कारण आहे. खोटं कशाला बोलू, मला करमत नव्हतं. दुकानातून आलो की चपला काढता काढता सवयीने ‘अगं, आज काय झालं ऐक’ म्हणायचो, आणि पुढे सगळी कहाणी तयार, पण ऐकायला फक्त भिंत! तिचं कपाट तर ती गेल्यापासून मी उघडलंच नव्हतं. उघडलं की तिच्या साड्यांचा वास येणार, आणि मग मला सुधरणार नाही, एवढं मला माझं ठाऊक आहे.

त्यात एकदा व्हिडिओवर ही म्हणते, “मुक्ता म्हणत्ये, अजून थोडे महिने राहा. काय करू?”

मी काय म्हणालो असेन? “राहा की! माझं काय, मी मजेत आहे.”

“खरंच?”

“अगं, राज्य आहे माझं इथे!”

फोन ठेवला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. ‘ये गं आता’, एवढे तीन शब्द. पण आमच्या घराण्यात ते तोंडाने म्हणायची पद्धत नाही. माझे वडील आईला शेजारच्या गावाहून बोलवायचे तेसुद्धा ‘म्हैस दूध देत नाही’ असा निरोप पाठवून!

मग नातवाचं बारसं ठरलं. व्याही तिकडे पोचायचे होते म्हणून जरा उशिरानेच, एका रविवारी. मुक्ता म्हणाली, “बाबा, पाळण्याची चाल तुम्ही वाजवा, फोनवरून. तुमचा तेवढा तरी भाग असू दे.”

बेसवर पाळणा! पण मी लगेच हो म्हटलं. कारण माझ्या डोक्यात भलताच बेत शिजला. असं वाजवायचं, असं वाजवायचं, की ऐकून हिला तिथल्या तिथे वाटलं पाहिजे, बस झालं, घरी जाऊ या. जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते गिटारीकडून वदवून घ्यायचं. आणि गिटार तर झिर्रर्र करत बसलेली. कळलं का आता, जीव कुठे अडकला होता?

शेवटी गिटार खांद्याला मारून दत्तूकडे गेलो. दत्तू आमच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला, माझा बालमित्र. हल्ली वर कुवारबावला राहतो, आंब्याच्या पेट्या ठोकतो. त्याच्या पोराचा स्पीकर होता, त्याला जोडून वाजवली.

धुम्. स्वच्छ! गुळगुळीत! झिर्रर्र नाही की काही नाही.

पुन्हा घरी आणली. झिर्रर्र. पुन्हा दत्तूकडे नेली. स्वच्छ!

दत्तूने कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, “मेल्या, तुझ्या गिटारीला खारं वारं लागलंय.”

“काय सांगतोस!”

“मग? तू दर्यावर, मी डोंगरावर. तुझ्याकडे वाजते, माझ्याकडे नाय वाजत. माझ्या भावान मांडवीला नवीन ग्रिल बसवलान, वर्षात चाळण झाली! लोखंडाची ही गत, तर लाकडाचं काय घेऊन बसलास?”

पटलं हो मला! रत्नागिरीच्या माणसाला खाऱ्या वाऱ्याचं कारण दिलंत की तो पुढे एक प्रश्न विचारत नाही. बिजागरी करकरली, खारं वारं. पापड सादळले, खारं वारं. आणि संध्याकाळच्या आत खिडक्या लावून घ्यायचं काम हिचं होतं. ती गेली, खिडक्या उघड्या राहिल्या, वारं शिरलं. ती गेल्यापासूनच आवाज का, याचाही उलगडा झाला! मला तर रडूच यायचं बाकी होतं.

“मग आता? सुकवायची कशी? उन्हात ठेवली तर तडकेल,” मी म्हटलं.

“उन्हात कशाला? वायच उबेत ठेव. आंबे लावलेस ना यंदा?”

आंबे लावले होते. आमच्या माळ्यावर दरवर्षी अढी असते. भाताच्या पेंढ्यात कच्चे हापूस नीट मांडायचे, वरून पेंढा, की आतल्या उबेने सावकाश पिकतात. यंदा ही नव्हती, तरी मेलबर्नहून तिचे हुकूम सुटायचे, आज वरचे खाली करा, आज डागी निवडा.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोन शहाणी माणसं एकाच वेळी मूर्ख व्हायला किती वेळ लागतो? एवढाच. गिटारीचे बोल्ट काढले, मान वेगळी केली, आणि माळ्यावर दोन ओळींच्या मधे, हापुसांच्या शेजारी, पेंढ्यात निजवली.

दुसऱ्याच दिवशी हिचा व्हिडिओ कॉल. “अढी दाखवा बघू.”

नाही कसं म्हणणार? फोन घेऊन माळ्यावर चढलो.

“जरा डावीकडे. हां. पिवळे दिसतायत. अहो, ते काय वर आलंय पेंढ्यातून? काळं काळं?”

“ती... मान आहे.”

“कुणाची?”

“गिटारीची. पिकत... म्हणजे, सुकत घातल्ये.”

मग हळू आवाजात, “अहो, जेवता ना वेळेवर?”

“जेवतो की.”

“झोप लागते?”

“अगं, मला काही झालेलं नाही! खारं वारं लागलंय गिटारीला!”

मागून जावयाचा आवाज आला, “आई, बाबांना इकडेच बोलावून घेऊ या का?” ते ऐकून मला केवढा आनंद झाला, आणि त्या आनंदाचा एवढा राग आला, की मी फोनच कापला.

व्हायचं तेच झालं. पेंढ्यातल्या उबेने आणि आंब्यांच्या घामाने हापूस झाले केशरी, आणि गिटारीची मान झाली बाकदार! खाली आणली तर अख्ख्या घरात घमघमाट. जोडून वाजवायला घेतली तर तारांवरून मुंग्यांची रांग निघाली, वरच्या टोकाकडून खाली. त्यांना हाकलू, की वाजवू? दत्तूने मान नेली, पेट्यांच्या फळ्या धरायच्या शिकंज्यात आवळून ठेवली आणि बारशाच्या आदल्या दिवशी बऱ्यापैकी सरळ करून आणली. सळई सैल केली, तारा पुन्हा चढवल्या. आवाज काय, अजून होताच. पण आता मी हात टेकले होते. जेवढं वाजेल तेवढं वाजेल.

रविवारी सकाळी मी झब्बा घालून तयार. फोन उशीला टेकवून उभा केला. शेजारी दत्तू, ढोलकीला हळू थाप द्यायला म्हणून मुद्दाम आलेला. तिकडे दुपार. खोली पाहुण्यांनी भरलेली, मधोमध पाळणा, आणि पाळण्यापाशी ही, हिरवी साडी नेसून, नातवाला घेऊन उभी. थोडी बारीक झाल्यासारखी वाटली. एवढ्या माणसांत मला तीच दिसत होती.

“बाबा, सुरू करा,” मुक्ता म्हणाली.

मी डोळे मिटले आणि पहिला सूर धरला.

धुम्... झिर्रर्रर्र.

डोळे किलकिले करून बघितलं. व्याही कानाला हात लावून फोनकडे बघतायत. कुणीतरी म्हणालं, नेटवर्कचा प्रॉब्लेम. मी रेटलं. झिर्रर्र. झिर्रर्र. मी घामाघूम.

आणि ही मात्र मान तिरकी करून ऐकत होती. एकदम म्हणाली, “अहो, थांबा थांबा. कपाट उघडा माझं.”

“आत्ता?”

“उघडा हो.”

उठलो. स्पीकर बाजूला सरकवला, कपाट उघडलं. वास आला, जसा येईल वाटलं होतं तस्साच. आणि दाराच्या आतल्या हुकाला, दोऱ्यात ओवून लटकवलेली, हिची हिरव्या काचेची काकणं.

“विमानात फुटतील म्हणून काढून ठेवलेली,” ही म्हणाली. “तीच वाजतायत पत्र्यावर. बेडरूममध्ये वाजवत होतात ना?”

दत्तूकडे हे कपाट नव्हतं. पडवीत हे कपाट नव्हतं. इतके दिवस मी गिटारीची हाडं मोडली, करवंटी घासली, मान आंब्यांत पुरली, आणि वाजत होती हिची काकणं!

तिकडे सगळी खोली हसत होती. तीसुद्धा. मग सहज, अगदी सहज म्हणाली, “काढून डब्यात ठेवा ती. आता काय, गणपतीपर्यंत लागायची नाहीत.”

गणपतीपर्यंत.

मी कपाटासमोर उभा राहिलो. काकणांना नुसतं बोट लावलं, ती किणकिणली. मला तिची इतकी आठवण आली, इतकी आली, की ती समोर फोनमध्ये होती हेसुद्धा विसरायला झालं. मी काकणं तशीच ठेवली, दार लोटलं, स्पीकर परत कपाटाला टेकवला, आणि येऊन बसलो.

“ठेवलीत?” हिने विचारलं.

“ठेवली.”

मी गिटार घेतली. सगळ्यात जाड तार छेडली, पुरता जोर लावून.

ही फोनच्या अगदी जवळ आली.

“अहो, वाजतायत अजून.”

“छे गं,” मी म्हटलं, “ते गाण्यातलंच आहे.”