एका पासवर्डवर चाललेला दवाखाना

निवृत्त झालो तरी काही प्रकरणे पाठ सोडत नाहीत. हे एक लक्षात राहिले ते दोघींच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे, आणि सायबर शाखेतल्या एका तरुण फौजदारामुळे. त्याचे कौतुक ऐकले की माझ्या पोटात आजही दुखते.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. तलवाड्याकडची एक मुलगी भावाला घेऊन आली. तिचे लग्न ठरले होते, साखरपुडा तोंडावर आला होता. अशात नवऱ्या मुलाच्या ओसरीवर कुणीतरी तिचा जुना रिपोर्ट टाकून गेले. मागे तिला टीबी झाला होता. औषधे घेऊन ती पूर्ण बरी झाली होती, तरी लग्न मोडले.

"मोडलं तर मोडलं, साहेब," ती डोळे पुसत म्हणाली. "पण माजा कागद दवाखान्याच्या भाईर गेलाच कावून? मला त्या मानसाचं नाव पायजे."

दवाखाना खासगी आणि नावाजलेला. डॉक्टर घामाघूम झाले होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला होता, अजून अंमलात यायचा होता. पण रुग्णाची माहिती फुटली तर दंड दवाखान्यावर बसणार, एवढे त्यांच्या कानावर आले होते. त्यामुळे हे प्रकरण कुणाच्या तरी गळ्यात घालायची त्यांना घाई झाली होती.

मदतीला बीडहून तो फौजदार आला. कडक इस्त्री, काळा लॅपटॉप. मला पाणी विचारायला विसरणारे माझे शिपाई त्याच्याभोवती गोळा झाले. हातातला चहा संपायच्या आत त्याने दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधली नोंद काढली. रिपोर्टची प्रिंट रिसेप्शनवरच्या मुलीच्या नावाने निघाली होती.

"केस क्लिअर आहे, सर," तो म्हणाला. त्याचे ते 'सर'सुद्धा मला सहन होईना.

डॉक्टर लगेच म्हणाले, "आजच कामावरून काढतो. करा अटक."

त्या मुलीचे घर तिच्या पगारावर चालत होते. वडील नव्हते. महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिला विचारले. ती रडत रडत म्हणाली, "सकाळी कॉम्प्युटर मी उघडते साहेब. मग दिवसभर समदे त्याच्यावरच काम करतेत. नर्स, लॅबवाली, समदे. डॉक्टरसायबच म्हनले, पासवर्ड एकच ठिवा, घोळ नको."

पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवलेली होती, डॉक्टरांच्या अक्षरात. फौजदाराचा चेहरा उतरला. मला बरे वाटले, लपवत नाही.

पुढचा प्रांत माझा होता. ठरलेले लग्न असे मोडले की मी आधी बघतो, ते कुणाच्या डोळ्यांत खुपत होते. साध्या कपड्यांत नवऱ्या मुलाच्या आईकडे गेलो. मुलगा सरकारी नोकरीत, त्यामुळे स्थळांची रीघ लागलेली. आधी कुणाकुणाला नकार दिला म्हणून विचारले, तर बाईंनी कौतुकाने एकेक स्थळ सांगितले.

"अन् एक दिंद्रुडची व्हती. तिची मोठी बहीन दवाखान्यात लॅबमधी हाय. लई मागं लागलती. हे मोडल्यावर पुन्हा निरोप धाडला, आता तरी आमच्या पोरीचं बघा म्हनून."

लॅबवालीला बोलावून घेतले. आवाज चढवला नाही. जळणाऱ्या माणसावर आरोप केला की तो गप्प बसतो, त्याची बाजू घेतली की बोलतो. मी एवढेच म्हणालो, "तुमची बहीण शिकलेली, धडधाकट. तिला डावलून त्यांनी ही पसंत केली."

"मंग काय वो साहेब!" ती उसळली. "माजी बहीन कशात कमी हाय? टीबी झालेली चालती, अन् आमची न्हाई? तिचं ठरलं म्हनून वाटलेले पेढे आमालाच खायला लागले!"

एवढे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आले आणि ती खाली बसली. पुढचा जबाब शांतपणे झाला; प्रिंट काढून ओसरीवर टाकणारी तीच होती. दाराबाहेर फौजदार माझ्या शिपायांना काहीतरी दाखवत होता, ते हसत होते. लॅबवालीच्या मनातली आग मला फारशी परकी वाटली नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीची नोकरी वाचली. दवाखान्याने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, कुणी कोणती फाईल उघडायची ते ठरवून टाकले. प्रशस्तिपत्र मात्र फौजदाराला मिळाले. आता तो दवाखान्यांना आणि बँकांना या कायद्यावर व्याख्याने देतो. मला कुणी बोलावत नाही.

मी तेव्हापासून म्हणायचो, कायद्याने मत्सर थोडाच जातो? मग मागच्या महिन्यात रक्तदाब तपासायला त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या खोलीतून तो फौजदार बाहेर आला. हातात जाड फाईल, चेहरा ओढलेला. मला नमस्कार करून निघून गेला. मी उठलो आणि रिसेप्शनवर वाकलो. तीच मुलगी होती.

"काय गं बाई," मी हळूच विचारले, "काय निघालं त्याला?"

तिने स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

"साहेब, तुमच्यामुळं मी हितं हाय. पण हे न्हाई सांगता येनार. बसा, तुमचा नंबर यायलाय."

मी जागेवर येऊन बसलो. हा कायदा कुणासाठी केला आहे, ते मला तेव्हा कळले.