हापशीचा दांडा

उकंडानं हंसाबाईच्या डोक्यावरचा पाण्यानं भरलेला पितळी गुंड दोन्ही हातांनी उतरवला आणि शाळेसमोरच्या रस्त्यात पालथा केला. पाणी धुळीतून वाट काढत म्हशींच्या पायांखाली गेलं. हे काम त्यानं इतक्या मनोभावे केलं, की पाहणाऱ्याला वाटावं, काही धर्मकार्यच चाललंय.

"काहून सांडलं रे, मुडद्या?" हंसाबाई ओरडली.

"मावशी, भोंगा ऐकला नाई काय? आमच्या बौद्धपुऱ्यातल्या हापशीचं पाणी खराब निंघालं. शिशी काळीठिक्कर झाली. हगवणीचे जंतू हायेत त्यात."

"म्हातारी झाली मी त्या हापशीचं पेऊन पेऊन. पोट कसं हलकं राह्यते. सून नाई म्हणते, पोरगं नाई म्हणते, तरी येतो न मी तुमच्या पुऱ्यात?"

"आता नका येऊ. नळाचं प्या. नळाची शिशी साफ हाय."

हंसाबाईनं रिकाम्या गुंडात एकदा डोकावून पाहिलं. "बरं बाप्पा, तू सरकारी माणूस. पण एक गुंड पाणी देणं लागते तू मले. मी मेल्यावर नको देऊ, जितेपणी दे."

खरी गोष्ट अशी होती, की साफ शिशी हापशीची होती आणि काळी नळाची. त्या दिवशी बेलघाटात प्यावं असं जेवढं पाणी होतं, त्यातलं एक गुंड उकंडानं म्हशींच्या खुरांना घातलं होतं. पण हे कळायला त्याला अजून अवकाश होता. तूर्त तो छाती काढून ग्रामपंचायतीकडे निघाला होता.

उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या काठी बेलघाट. तिथे उकंडा पंचायतीचा शिपाई. सकाळी नळाचा कॉक सोडायचा, संध्याकाळी कचेरी बंद करायची, दवंडीच्या जागी भोंग्यावर बोलायचं, आणि जलसुरक्षक म्हणून पाण्याची तपासणी करायची. तपासणी म्हणजे एक लहानशी औषधाची शिशी. तिच्यात पाणी भरायचं, घट्ट बूच लावायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात माणसाच्या पोटातली घाण असली की एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. नसली तर पिवळसरच राहतं. पोरांनाही कळेल अशी गोष्ट, आणि म्हणूनच गावात कुणी मनावर घेत नसे.

थंडीचे दिवस होते. उबेसाठी उकंडानं दोन्ही शिश्या घरात चुलीमागच्या फळीवर ठेवल्या. ओळखायला चिठ्ठ्या चिकटवल्या, एकीवर 'नळ', दुसरीवर 'हापसी'. डिंक संपला होता, म्हणून कणकेची खळ केली. खळ चांगली झाली होती. इतकी, की उंदरानं ती चाटूनपुसून खाल्ली. सकाळी एक शिशी काळी, एक साफ, आणि दोन्ही चिठ्ठ्या खाली राखेत. उकंडानं डोकं खाजवलं, डावीकडे कोणती ठेवली होती ते आठवलं, आणि चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. आठवण पक्की होती. फक्त उलटी होती.

आता या माणसाला जंतूंचं एवढं वेड का, तेही सांगायला हवं. उकंडाच्या आधी मथुराबाईची तीन लेकरं गेली. तिन्ही हगवणीनं. चौथा झाला तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे मरण त्याला कचरा समजून पुढे जाईल. शेजारणीनं उचलून आणला, सूपभर ज्वारी घेऊन परत दिला आणि नाव पडलं उकंडा. आपण दीक्षा घेतलेले लोक, असलं आपल्यात चालत नाही, असं नवऱ्यानं समजावून पाहिलं होतं. मथुराबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पोर उकिरड्यावर ठेवलं.

पुढे पन्नाशीला आलेला हा उकंडा तालुक्याला प्रशिक्षणाला गेला. तिथे एका मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. विष्ठा, पाणी, हात, तोंड. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, "माय, ते तिघं होते तवा आपण पाणी कुठचं पेत होतो?"

"कुठचं म्हंजे? नदीतल्या झिऱ्याचं. रेती उकरली की आरशावानी पाणी लागे."

दुसऱ्या दिवसापासून शिश्या भरताना उकंडाचा हात जरा हळू चालायला लागला.

नळाचं पाणी येई नदीकाठच्या विहिरीतून. दिवाळीनंतर पैनगंगेची धार तुटते, डोह उरतो. डोहाच्या वर गावचा नाला येऊन मिळतो आणि नाल्याच्या दोन्ही अंगांनी पहाटे पुरुषमाणसं डबे घेऊन बसतात. तसे घरोघरी संडास आहेत. कुणाच्यात जळणाची पऱ्हाटी रचलेली, कुणाच्यात बकरीचा चारा. पुंडलिकरावांच्या संडासाला तर कुलूप आहे, आत सोयाबीनचं बियाणं ठेवतात. पुंडलिकराव म्हणजे सरपंचांचे यजमान. सरपंच विमलताई, पण सही त्यांची, बोलणं यांचं.

उकंडाच्या घोषणेनं पुंडलिकराव भलतेच खूश झाले. चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाहा, याले म्हणते इमानदार! आपल्याच पुऱ्याची हापसी, पण झाकून ठेवलं नाई." ज्या पंचायतीला नालीवरचं झाकण बसवायला चार वर्षं पुरत नाहीत, तिनं हापशीला दोन दिवसांत लाल रंग फासला. मेकॅनिक आला, दांडा काढून दिला, गेला. बौद्धपुऱ्यातल्या बायाही आता गावातल्या नळावर रांगेत उभ्या राहायला लागल्या. तिथे त्यांचे हंडे कोणाच्या मागे लागायचे, हे कुणी सांगावं लागत नव्हतं.

मथुराबाईनं मात्र हापशीचं शेवटचं पाणी माठात जपून ठेवलं होतं. दोन-चार दिवस नळाचं पाणी पिऊन पोटात कळा यायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "मले ते माठातलंच दे." उकंडाच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं दोन नव्या शिश्या घेतल्या. एकीत माठातलं पाणी, एकीत नळाचं. या खेपेला चिठ्ठ्या नाहीतच. नळाच्या शिशीच्या गळ्यात मायच्या लुगड्याची चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंधीवाली शिशी काळी होती, डांबरासारखी.

तो तसाच दोन्ही शिश्या घेऊन पुंडलिकरावांच्या ओसरीवर गेला. पुंडलिकराव कापसाचा भाव मोबाइलवर ऐकत होते.

"भाऊ, चूक झाली. माह्याकडूनच झाली. उंदरानं चिठ्ठ्या खाल्ल्या, मी उलट्या लावल्या. हापसी साफ हाय. नळाचं खराब हाय."

पुंडलिकरावांनी मोबाइल खाली ठेवला. "उकंडा, तू परवा खोटा होता का आज खोटा हायेस?"

"परवा चुकलो जी."

"मंग आज चुकला नसशीन कशावरून? परवा तुले गावाची काळजी, आज पुऱ्याची. कोणी शिकवून राह्यलं का तुले?"

"शिशी पाहा न, भाऊ. हे माठातलं, हापशीचं."

"माठातलं हापशीचं, हे माठानं सांगलं काय तुले?" पुंडलिकराव हसले. ओसरीवर बसलेलेही हसले. "हे पाय, मी अडून बसणारा माणूस नाई. हापशीचं ताजं पाणी घे, तालुक्याले तपासाले पाठव. साफ निंघालं की दुसऱ्या दिवशी दांडा लावतो."

"पण भाऊ, दांड्याबिगर हापशीतून पाणी निघन कसं?"

"म्हणून तर म्हणतो, घाई नको करू."

उकंडानं भोंग्यावर सांगून पाहिलं. 'नळाचं पाणी उकळून प्यावे, आधीची सूचना चुकीनं झाली' एवढंच बोलला आणि वीज गेली. बोलणं पुरं झालं असतं तरी फरक पडला नसता. पहिली सूचना लोकांना ऐकायचीच होती; बौद्धपुऱ्याचं पाणी घाण, हे कळायला गावाला शिशी लागत नव्हती. दुसऱ्या सूचनेवर पारावर टवाळी झाली. "आता म्हणन, डोहातलं चांगलं हाय!" नर्स प्रियंकाताई तेवढी गंभीरपणे ऐकून गेली. तिनं वर कळवलं. वरून ब्लीचिंग पावडरचं एक पोतं आलं. ते पावसाळ्यात भिजलेलं, दगड झालेलं. उकंडानं फोडून फोडून विहिरीत टाकलं. पाण्याला नुसता वास आला, लोकांनी शिव्या घातल्या, शिशी पुन्हा काळी.

मग घराघरांतून डबे वारंवार बाहेर पडायला लागले. प्रियंकाताई मीठ-साखरेच्या पुड्या वाटत फिरली. पुडी पाण्यात विरघळवून प्यायची असते. पाणी तेच, नळाचं. मथुराबाईला उकंडा उकळून देत होता. ती उठून बसली. हंसाबाई मात्र पडली ती पडलीच.

तो तिला पाहायला गेला. ती पडवीत खाटेवर होती. हातपाय वाळल्या शेंगेसारखे झाले होते.

"आला काय, सरकारी माणूस?" आवाज नव्हता, पण खोड होती. "माह्या गुंडाचं काय झालं?"

"आणतो, मावशी."

"त्याच हापशीचं पायजे. हे नळाचं तोंडात घेतलं की पोटात नदी येते." सून दारातून ऐकत होती. "यायले नाई समजत, उकंड्या. माह्यावर एवढा भरवसा ठेवत जाय, तुह्या शिशीपेक्षा माहं पोट खरं बोलते."

दांडा कुठे होता, हे शोधायची गरज नव्हती. कचेरीच्या खिडकीची कडी तुटली होती, तिला आतून अडसर म्हणून तोच लावलेला होता. रोज संध्याकाळी उकंडाच तो लावत होता आणि सकाळी काढत होता. दुसऱ्या सकाळी त्यानं तो काढला आणि सरळ खांद्यावर टाकून पुऱ्यात गेला. नट-बोल्ट घरचे. दांडा बसला. लोखंड करकरलं तशा घराघरांतून बाया हंडे घेऊन धावल्या. हातात जे सापडेल ते, कळशी, बादली, तेलाची पिपं. मथुराबाई काठी टेकत आली आणि ओट्यावर बसली.

उकंडानं दांडा मारला. हलकाच वर गेला, हलकाच खाली आला. पुन्हा मारला. पाळण्याला झोका द्यावा तसा. आत काही धरतच नव्हतं. झाकण काढून पाहिलं, तर दांड्याला धरणारी साखळी नव्हती. मेकॅनिकनं तीही काढली होती, आणि पिशवीत घालून दुसऱ्या कुठल्या गावच्या हापशीला लावली होती. पाणी ओढणाऱ्या सळ्या खाली नळीत सुटून पडल्या होत्या. पाणी जमिनीत होतं, जिथं होतं तिथंच होतं.

तो तरी मारत राहिला. "अजून मार, अजून मार, हवा धरली असन," बाया म्हणाल्या. शेवटी मथुराबाईच म्हणाली, "राहू दे, बाप्पा. हात दुखतीन."

पुंडलिकरावांनी रागावून नाही, समजुतीनं सांगितलं, "पंचायतीची वस्तू हाय, उकंडा. खिडकी उघडी राह्यली तर जबाबदार कोण?" संध्याकाळी दांडा पुन्हा खिडकीला लागला. साखळीसाठी अर्ज करा म्हणाले. अर्जासोबत पाणी पिण्यालायक असल्याचा अहवाल जोडा म्हणाले.

हंसाबाई त्याच आठवड्यात गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. तोंडात पाणी घालायला घरचे जमले तेव्हा वाटीत नळाचंच होतं.

तेरवीला अख्खं गाव जेवायला होतं. पाहुणे जास्त, म्हणून पुंडलिकरावांनी निरोप पाठवला, कॉक आज लवकर सोड आणि उशिरा बंद कर. उकंडानं सोडला. मंडपामागे पाण्याची भांडी मांडली होती, पोरं ग्लास बुडवून नेत होती. त्यात तो पितळी गुंड होता, रिकामा.

हंसाबाईच्या सुनेला घाई होती. पंगत बसत होती. तिनं गुंड उचलून त्याच्या हातात दिला. "उकंडाभाऊ, एवढा भरून देता काय? बुढी सारखी तुमचं नाव घे. म्हणे, एक गुंड देणं हाय त्याच्याकडे. कायचं देणं होतं?"

"होतं थोडंसं," उकंडा म्हणाला.

नळ जवळच होता. त्यानं गुंड त्याच्याखाली धरला. पाणी काठोकाठ आलं, अगदी आरशासारखं. त्यानं तो नेऊन पंगतीशेजारी ठेवला, आणि हा गुंड त्यानं फेडीत धरला नाही.