अर्धा आटा

आमच्या ह्यांनी आठ महिने माझ्यापासून एक गोष्ट लपवली. एखाद्या बाईची भानगड असती तर परवडली असती, असं मी तेव्हा म्हणाले होते. म्हणजे भानगड बाईंचीच होती, पण त्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ह्यांना शाळेत गणित शिकवलेल्या. आणि त्यात एकाचा जीव गेला.

आधी हे कोण ते सांगते. तीस वर्षं रबराच्या कारखान्यात साच्यावर काम केलं. माणूस मुळात अस्वस्थ. शाळेत बाकावर बसले की पाय हलवायचे, सगळा बाक थरथरायचा, शेजाऱ्याचं अक्षर वाकडं व्हायचं. बाईंनी नावच पाडलं होतं, चुळबुळ्या. आणि रिटायर झाल्यावर ह्याच चुळबुळ्याने धंदा काय काढावा, तर थरथर थांबवायचा!

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्या हौशी लोकांना हे कळेल. रेकॉर्ड प्लेअरची सुई भारी हळवी असते. रस्त्यावरून ट्रक गेला, खाली पंप लागला, की जमिनीची थरथर सुईत शिरते आणि स्पीकरमधून घूं घूं येते. म्हणून प्लेअरच्या पाटाखाली खास पाय बसवायचे. ते पाय हे स्वतः बनवायचे. खाली काळं रबर, मध्ये बुचाचा थर, वर मऊ पांढऱ्या रबराची टोपी. मधून बोल्ट. बोल्टचे आटे फिरवले की पाय उंच होतो, असं करत करत प्लेअर सपाट करायचा. गिऱ्हाइकं ह्यांना पायवाले म्हणायची. मी म्हणायचे पांढऱ्या पायाचे. थट्टाच हो ती, दुसरं काय! आता ती आठवली की जीभ हासडावीशी वाटते.

बाई चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत, एकट्या. दुपारी एक तबकडी ऐकायची आणि मग चहा, हा त्यांचा नेम. तळमजल्यावर लॉन्ड्री. लॉन्ड्रीवाला हसरा, गडगडाटी माणूस, कुणाच्याही मदतीला धावणारा. त्याने कपाटाएवढं नवं धुण्याचं मशीन आणलं आणि त्या दिवसापासून बाईंच्या गाण्यात घरघर सुरू झाली. बाईंचा निरोप आला, "चुळबुळ्याला म्हणावं, ये आणि हे बंद कर."

हे गेले. दगडी फरशी टाकली, तिच्यावर चार पाय बसवले, वर पाट आणि प्लेअर. घरघर गायब. बाईंनी डोळे मिटून तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "शंभरपैकी शंभर." झालं! ज्या माणसाला गणितात कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत, त्याला पन्नास वर्षांनी शंभर मिळाले. दोन दिवस हे जमिनीवर नव्हते.

महिन्याभराने बाई म्हणाल्या, सुई आतल्या अंगाला ओढ घेतेय. ह्यांनी प्लेअरवर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात ती बुडबुड्याची नळी. बुडबुडा मधोमध असला तर सगळं सपाट. तो मधोमध नव्हता. खिडकीकडचा मागचा पाय खाली गेला होता. ह्यांनी अर्धा आटा फिरवून तो वर घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच पाय, पुन्हा अर्धा आटा. त्याच्या पुढच्या महिन्यात पाऊण.

आता रबर वजनाखाली राहिलं की बसतं. तीस वर्षं ह्यांनी तेच पाहिलेलं. तेव्हा ह्यांच्या डोक्यात एकच आलं, की आपला माल फसला. दुसरा कुणी असता तर त्याने इकडेतिकडे तरी बघितलं असतं. ह्यांना जास्त कळत होतं, तिथेच घात झाला. पाय बदलला, कडक रबराचा घातला, तरी तेच. पण बोलायचं कसं? शंभर मार्क घेऊन बसलेले ना! झाकली मूठ सव्वा लाखाची. दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून जायचे, बाई चहा टाकायला आत गेल्या की पाय वर घ्यायचे आणि पाटाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायचे. अर्धा. अर्धा. पाऊण. पाऊण. एक. एक. सव्वा. दीड.

मधे एकदा मीही गेले होते सोबत. बाईंचं दार उघडेना, ह्यांनी खांदा लावून ढकललं. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "दार फुगलंय बाई, सुताराला सांगून रंधा मारून घ्या." मी! गवंड्याची लेक! माझे वडील सांगायचे, दार अडायला लागलं की दाराकडे बघू नये, चौकटीकडे बघावं. मी कशाकडेच बघितलं नाही, चहा पिऊन आले.

मग आला तो दिवस. सकाळी साठवणीच्या मोठ्या डब्यातून पीठ काढायला गेले तर डबा डुगडुगतोय. खाली बघते तर पांढरी टोपी! बाईंकडून काढून आणलेला पाय ह्यांनी माझ्या पिठाच्या डब्याखाली घातला होता आणि डब्यावर फरशीचा तुकडा. मी आवाज चढवला. "पिठाच्या डब्याला पाय कशाला हवेत? पळून जाणार आहे का तो?"

हे नेहमीसारखे हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि आठ महिन्यांचं सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "आठ दिवस झाले, रोज सकाळी मोजतोय. वजन तिथल्याएवढंच आहे. केसभरही दबला नाही गं. मग तिथेच का दबतो?"

"नेहमी तोच पाय?"

"तोच. खिडकीकडचा. लॉन्ड्रीच्या अंगाचा."

माझे पिठाचे हात तसेच राहिले. "अहो," मी म्हणाले, "पाय दबला नाही ना? मग पाया दबलाय."

ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. हे एका पायात माझी चप्पल घालून निघाले.

अकराचा सुमार. लॉन्ड्रीत मशीन गरगरत होतं, दारातून वाफ येत होती. लॉन्ड्रीवाल्याने हाक मारली, "काय पायवाले, आज जोडीने?" आम्ही थांबलो नाही. जिन्यात मी भिंतीवरून हात फिरवत चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बोटाचं पेर भेगेत गेलं.

बाई खुर्चीत होत्या. हे म्हणाले, "बाई, उठा, खाली चला. इमारत खचतेय."

"काहीतरीच काय! सगळं सपाट आहे," बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला तूच पाणसळ ठेवून गेलास ना माझ्यापाशी? मी रोज बघते. बुडबुडा मधोमध."

"तो मी करतो मधोमध, बाई! दर महिन्याला!"

"मग चांगलंच करतोस. माझा विश्वास आहे तुझ्या पायांवर."

ह्यांना रडूच फुटलं. साठीचा माणूस बाईंसमोर मुलासारखा रडला. आवाज ऐकून शेजारची माणसं दारात जमली, लॉन्ड्रीवालाही वर आला. हे सगळ्यांना सांगायला लागले, तर लोकांनी हसण्यावारी नेलं. कुणी म्हणालं, पायवाल्यांच्या डोक्याचा आटा ढिला झालाय. भिंतींच्या भेगा काय, रंग दिला की जातात.

मग ह्यांनी एक केलं. प्लेअर उचलला, पाट, फरशी, पाय सगळं बाजूला सारलं आणि प्लेअर खिडकीच्या कोपऱ्यात उघड्या जमिनीवर ठेवला. तबकडी फिरवली नाही. थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली आणि स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. जी थरथर मारायचा धंदा केला, तिला ह्यांनी तोंड दिलं.

घर्रर्र आवाजाने खोली भरली. लॉन्ड्रीवाला हसला. "अहो, हे तर माझं मशीन!"

"बंद करायला सांगा."

त्याने जिन्यातून बायकोला ओरडून सांगितलं. घरघर मंदावली आणि थांबली. क्षणभर शांत. लोक हसण्याच्या बेतात होते.

टक्.

मग दाताखाली खडा यावा तसं, करकर, लांबलचक. पुन्हा टक्. मशीन बंद होतं आणि खोलीत कुणीही हललं नव्हतं.

लॉन्ड्रीवाल्याचं हसू कुठच्या कुठे गेलं. तो भिंतीला टेकला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मशीन आत जात नव्हतं. खांब थोडा तासला होता. थोडासाच. वरून गिलावा केला."

अर्ध्या तासात इमारत रिकामी झाली. सगळ्यात जास्त धावला तो लॉन्ड्रीवालाच. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला त्याने पाठीवर घेऊन उतरवलं, बाईंचा हात धरून जिना उतरवला. प्लेअर ह्यांनी छातीशी धरून आणला, पाणसळ बाईंच्या मुठीत होती. सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. फायर ब्रिगेडला फोन केले होते, अजून कुणी आलं नव्हतं. तेव्हा लॉन्ड्रीवाला म्हणाला, "लोकांचे कपडे आहेत आत." बायकोने बाही धरली. तो म्हणाला, "हा गेलो आणि हा आलो." एक गाठोडं आणलं. दुसरंही आणलं. तिसऱ्याला गेला.

कोपरा खाली बसला. धूळ उठली, आणि धूळ खाली आली तेव्हा बाईंची खिडकी नव्हती, लॉन्ड्रीचं दारही नव्हतं.

ह्यांच्यामुळे एकतीस माणसं वाचली म्हणतात. हे एकच मोजतात. पंधरा दिवसांनी लॉन्ड्रीवाल्याची बायको आमच्या दारात आली. आत आली नाही. ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं हो," हे म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "आठ महिने."

ती वळली. जिना उतरून गेली. अर्ध्या आट्यालाच बोलले असते तर खांबाला टेकू लागला असता, हे तिला सांगायची गरज नव्हती. मी ह्यांना रोज म्हणते, तुमचा दोष नाही. रोज म्हणते, आणि मलाच ते खरं वाटत नाही.

बाई आता आमच्याकडेच असतात. प्लेअर आमच्या जमिनीवर उघडाच आहे, पायांशिवाय. मी चालले की सुई उडते, कुकरची शिटी गाण्यात येते. बाई कुरकुर करत नाहीत. ह्यांनी साचे भंगारात दिले. खिडकीच्या कट्ट्यावर पाणसळ तेवढी ठेवली आहे. रोज सकाळी उठले की आधी तिच्याकडे जातात, वाकून बघतात आणि म्हणतात, "मधोमध." मग मी चहा गाळते.

आज बघितलं आणि काही बोलले नाहीत. अजून तिथेच वाकून उभे आहेत. चहा कधीचा उकळतोय, आणि मला विचारायचा धीर होत नाही.