लव्हाळ्याला कुरवाळणारी अंजना

कोडोलीत अंजना चौगुलेकडं लोकांचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते ती तण कुरवाळताना. हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजा, त्यावर नवऱ्याचा निळा सॉक्स ओढलेला, आणि स्ट्रॉबेरीच्या ओळीत वाकून ती लव्हाळ्याचं एकेक पातं अलगद पुसत होती.

शेजारच्या रानातल्या शालूबाई बांधावर थबकल्या.

"हळद लावायलीस व्हय गं त्याला?"

"व्हय की. लगीन हाय त्याचं."

"आणि नवरी?"

"तीच तर गावंना अजून."

अंजना हसत होती, पण काम हसण्यावारी नेण्याचं नव्हतं. सगळीकडं ऊस असताना हा अर्ध्या एकराचा तुकडा तिनं सासऱ्यांशी भांडून स्ट्रॉबेरीसाठी मिळवला होता. आणि लव्हाळा तर वाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपरसुद्धा सुईसारखा भोसकून वर येई. खुरप्यानं काढावा तर मातीतली गाठ तशीच राही आणि पुन्हा फुटे. गेल्या साली पंपानं तणनाशक मारलं, तर वाऱ्यानं तुषार उडून लव्हाळ्याआधी स्ट्रॉबेरीच जळाली. तेव्हा सासरे, तात्यासाहेब, म्हणाले होते, "पुढच्या साली हे गवत दिसलं की ट्रॅक्टर घालतो आणि ऊस लावतो. मग रडायचं न्हाय."

म्हणून ही युक्ती. औषधात बुडवून पिळलेला सॉक्स फक्त लव्हाळ्याच्या पात्यावरून फिरवायचा. औषध पात्यातून खाली गाठीपर्यंत उतरतं आणि शेजारच्या रोपाला थेंब लागत नाही. तिचा नवरा अनेकांत शिरोलीच्या फौंड्रीत कामाला; हातमोजे त्यानंच आणून दिले. सॉक्स त्याला न विचारताच गेले.

"माझा दुसरा सॉक्स कुठाय?"

"रानात हाय. हातातला पण दे हिकडं, एकटा काय कामाचा तुला?"

पहिले काही दिवस लव्हाळा हिरवागार राहिला. तात्यासाहेब बांधावरून विचारत, "काय म्हणतोय तुझा नवरदेव? तब्येत सुधारली जणू." अंजना हसून घेई, पण भाकरी थापायच्या आधी रोज एकदा रानात जाऊन पाती बघून येई.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तात्यासाहेब उशिरा घरी आले. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही त्यांची जन्मभराची शिस्त. त्या दिवशी मावळून गेला होता, म्हणून ते उपाशीच झोपले. "पावणं भेटलं वाटेत," एवढंच म्हणाले.

मग एका सकाळी पात्यांचे शेंडे पिवळे दिसले. दोन-चार दिवसांत ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या आणि मधली स्ट्रॉबेरी टवटवीत. अंजना पोरीसारखी ओळींतून पळत सुटली ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत. तिथं तिनं अजून हातही लावला नव्हता, तरी तिथलाही लव्हाळा पिवळा पडायला लागला होता. आणि शेजारी, बांधावरच्या हिरव्या हरळीत, एक पिवळा पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, सगळं रेखीव. सॉक्स काढल्यावर गुडघे दुखणारा माणूस औषधानं ओला हात टेकून उठतो, तसा. एवढा रुंद पंजा घरात एकाच माणसाचा होता.

"मामा, जरा या हिकडं," तिनं सासऱ्यांना हाक मारली. "तुमचं पावणं इथं बसलेलं दिसतंय."

तात्यासाहेबांनी पंजा पाहिला आणि आपला हात पाठीमागं नेला. "कुणाचा हाय, कुणाला ठाऊक."

"ठेवून बघा की हात त्याच्यावर," पलीकडून शालूबाई म्हणाल्या. अंजना हसता हसता सरीतच बसली. तिला बघून शालूबाईंना ठसका लागला, आणि शेवटी तात्यासाहेबांची मिशीही हलायला लागली.

"खिदळू नका. आधी गाठ बघ, मेली का न्हाय."

अंजनानं एक गाठ उकरून बोटांत दाबली. ती काळी पडून पिचली.

"मेली की, मामा."

तात्यासाहेबांनी ती गाठ स्वतःच्या बोटांत चिरडून बघितली. "मग ट्रॅक्टर कशाला उगंच," ते म्हणाले. "उरलेला उद्या पुसू. पर हातमोजा जरा मोठा आण. त्यात माझी बोटं मावत न्हाईत."

त्या तुकड्यात ऊस लागला नाही. हल्ली डिसेंबर ते मार्च अंजना रोज सकाळी स्ट्रॉबेरीची खोकी स्कूटीला बांधते आणि शाहूपुरीतल्या एका आइस्क्रीमवाल्याकडं स्वतः पोचवून येते.